मयताचा पाचवा पंच

या अंकाच्या संपादकबाई मला गोविंदपुरमच्या विठ्ठलाच्या देवळात भेटल्या. मी भजनाला बसलो होतो, त्या दर्शनाला आल्या होत्या. दोन वाक्यं बोललो नाही तोच म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही तर बखरीतलं मराठी बोलता!" आम्हा कुंभकोणमकडच्या मराठ्यांना याची सवय आहे. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले, आणि येताना जी भाषा बांधून आणली तीच आम्ही अजून घरात नेसतो. बाहेर पडलं की तमिळ. मी पोलिसात होतो हे कळल्यावर बाईंचे डोळे चमकले. "मग दिवाळी अंकासाठी एखादी खुनाची गोष्ट द्याच!" म्हटलं, बाई, खून माझ्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतके आले, मरणं मात्र पोत्यानं आली. मरणाचं लिहू का? त्या जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "लिहा, पण हलकंफुलकं लिहा." मरणाचं हलकंफुलकं कसं लिहायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही. बघतो जमतं का. माझं बखरीतलं मराठी त्यांनी तुमच्यासाठी धुऊन वाळवून दिलेलं आहे.

तर मी भीमराव. सब-इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो त्याला फार काळ लोटलेला नाही. टीव्हीवरचे पोलीस प्रेत बघितल्याबरोबर चष्मा काढतात आणि खुन्याचं नाव सांगतात. मला ते बघून इतका संताप येतो की घरातले माझ्या हातातून रिमोट काढून घेतात. अहो, प्रेतापाशी गेल्यावर पोलिसाचं पहिलं काम खुनी शोधणं हे नसतंच. पहिलं काम म्हणजे मरणाची चौकशी. कायद्याच्या मराठीत म्हणे त्याला मरणान्वेषण म्हणतात. एवढा लांब शब्द उच्चारेपर्यंत मयताच्या नातेवाइकांचा धीर सुटेल. तुमच्याकडे साध्या बोलण्यात पंचनामा म्हणतात, तोच चालवू.

कुणी बुडून, पडून, गळफास घेऊन, विजेचा धक्का बसून किंवा कशानं ते न कळता गेला, की पोलिसानं जागेवर जायचं, गावातल्या चार प्रतिष्ठित माणसांना बोलवायचं आणि त्यांच्यादेखत मयताला नीट बघायचं. अंगावर काय आहे, जखम कुठे आहे, दोर आहे का, पाणी आहे का. मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं, की वरवर बघता हा माणूस कशानं गेला असं दिसतं. बस्स, एवढंच. कुणी मारलं हा प्रश्न त्यात नाही. खुनाचा वास आला तर तो तपास वेगळा. पूर्वी हे कलम एकशे चौऱ्याहत्तर होतं, नव्या कायद्यात एकशे चौऱ्याण्णव झालं. मेलेल्याला दोन्ही सारखीच.

चार माणसं आपली बोलण्यातली, कायद्याला दोनही पुरतात, पण आमच्याकडे रिवाज पाच जणांचा. आणि ही पाच माणसं मिळवणं म्हणजे आमच्या खात्यातलं सगळ्यांत अवघड काम! प्रेताभोवती ही गर्दी असते. लोक एकमेकांच्या खांद्यावर चढून बघत असतात. मी खिशातून पेन काढलं की कुणाची बस सुटायला आलेली असते, कुणाचं दूध उतू जायला आलेलं असतं. पोलिसाच्या कागदावर नाव गेलं की कोर्टात हेलपाटे, ही भीती. एकानं तर मला बिनदिक्कत स्वतःचं म्हणून मेव्हण्याचं नाव सांगितलं होतं.

आणि मिळतात ते असे मिळतात! तिरुवलंचुळीकडे एकदा एक माणूस नारळाच्या झाडाखाली मरून पडलेला सापडला. शेजारी नारळ, डोक्याला खोक. लहान मूलही सांगेल काय झालं ते. पण माझ्या पाच पंचांत झाडमालकाशी कोर्टात दावा चालू असलेला एक जण होता. तो म्हणे, झाड धोकादायक आहे हे मालकाला माहीत होतं, सबब त्याला आत टाका. दुसरा म्हणे, नारळ नंतर पडला, हा आधीच पिऊन मेला होता. तिसरा वर बघत होता, कारण आणखी एक नारळ लोंबत होता. तेवढ्यात झाडमालक रडत माझ्या पायाशी आला. "अय्या, रिपोर्टवर संदेह मरणम् लिहिलंत. संदेह माझ्यावर की माझ्या झाडावर?"

हा शब्द आमच्या तमिळनाडूचा. मरणाचं कारण उघड नसेल तर पहिल्या रिपोर्टवर आम्ही 'संदेह मरणम्' लिहितो. तुमच्याकडे म्हणे 'अकस्मात मृत्यू' लिहितात. काय सभ्य शब्द आहे! वाचून कुणाचं काळीज हलणार नाही. आमच्या शब्दात मात्र 'संदेह' आहे, आणि संदेह म्हटला की माणसाला वाटतं, तो आपल्याच उंबऱ्यावर येऊन बसला. अख्खी नोकरी मी लोकांना सांगत आलो, की बाबांनो, संदेह माणसावर नाही, मरणावर आहे. कुणाच्या गळी उतरल्याचं आठवत नाही.

पंचांच्या या दुष्काळात आम्हाला वेणोबाराव सापडले. राहणार मेलकावेरी, जातीचे आमच्यातलेच. उभी हयात पितळी भांड्यांच्या दुकानात विक्रेते म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर सकाळी पेपर, संध्याकाळी गोविंदपुरमला झांज आणि मधल्या वेळात मयतं. अंगानं वाळकी शेंग, पण आवाज खणखणीत. कॉन्स्टेबल दारात दिसला की छत्री घेऊन निघालेच. मी एकदा विचारलं, "राव, तुम्हांला भीती नाही वाटत?" तर म्हणाले, "भिऊन पांच माणसें मिळालीं नाहीत, तर मेलेल्यानें कोठें जावें?"

पंच म्हणून मात्र महा किचकट. मयताच्या पायाशी उभं राहून आधी नमस्कार करायचे. मग प्रत्येक शब्दावर अडायचे. "डावीकडे जखम लिहिलंत, पण माझी डावी की त्याची?" आमचे इन्स्पेक्टर कपाळाला हात लावायचे. जमलेल्यांना दम द्यायचे, की पोलीस येईतो प्रेताला हात लावायचा नाही, तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. आणि बाकीच्या पंचांपैकी कुणी "याच्या भावानं केलं असणार" असं सुरू केलं की छत्री आपटून म्हणायचे, "कोण तें नको. कशानें तें सांगा." कायद्याच्या परीक्षेला आम्ही पानंच्या पानं घोकली होती, त्याचा सगळा अर्क या एका वाक्यात होता.

काम संपलं की सरळ घरी, तेही मागच्या दारानं. मयताला शिवलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही. त्यांच्या परसात धुण्याच्या दगडापाशी सून तुळजा कोमट पाण्याची बादली तयार ठेवायची. मुलगा गोपाळ तिरुपूरला कापडाच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा यायचा. घरात ही दोघंच, आणि दोघांचंही तोंड तिखट. "आज कोण गेलं, मामंजी?" "तुला काय करायचंय? पाणी कढत आहे!" "कढत नाही, तुमची कातडी पातळ झालीय." हे रोज, आणि गल्लीला ऐकू जाईल असं. शेजारी सगळे तमिळ. भांडण मराठीत, त्यामुळे त्यांना फक्त आवाज कळायचा. त्या भांडणात किती माया आहे हे कळायला आमची भाषा यायला हवी होती.

एके दिवशी सकाळी कावेरीच्या घाटावर एक अनोळखी म्हातारा बुडालेला सापडला. वेणोबाराव आले, पण येतानाच घामाघूम. नमस्कार केला, मयत वळवायला हात लावला, डाव्या-उजव्याचा वाद घातला, सही केली. मग गोटीसोडा विकणाऱ्या सेल्वमकडून एक सोडा घेऊन प्यायले. "काल वडे जास्त जाहले," म्हणाले. मी म्हटलं, "रिक्षा बोलावतो." तर म्हणाले, "विटाळ घेऊन दुसऱ्याच्या रिक्षेत बसूं काय?" आणि छत्री उघडून चालू लागले.

दुपार कलत होती तेव्हा पोलीस ठाण्यात एक बाई रडत आली. वेणोबारावांची मुलगी कमलाक्का. ती जवळच मायलाडुतुरैला दिलेली. बाप गेल्याचा निरोप मिळाला म्हणून धावत आली, तर बापाच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ, फुटलेलं. प्रेत मधल्या घरात, न्हाऊ-माखू घातलेलं, कोरं धोतर नेसवलेलं, कपाळाला गोपीचंदन. अंगावरचे कपडे धुऊन दोरीवर वाळत घातलेले. परस सगळं धुऊन काढलेलं. शेजारी म्हणाले, सकाळी सुनेचं सासऱ्याशी मोठं भांडण झालं. "काय बोलत होती ते कळलं नाही, पण चांगलं नव्हतं." कमलाक्का टेबलावर हात आपटून म्हणाली, "सगळ्या गावाला माझे आप्पा सांगत फिरत कीं प्रेतास पाणी घालूं नका. हिला ठाऊक नाही काय? ठाऊक असूनच धुतलं!"

बोलणं बिनतोड होतं. दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं असतं तर अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं, पण तुळजा तर पंचाच्या घरातली. रिपोर्ट लिहिला गेला आणि वर तोच शब्द आला. इन्स्पेक्टर मला म्हणाले, "तुम्ही जा, तुम्हाला त्यांची भाषा येते."

गल्ली माणसांनी भरली होती. तुळजा परसाच्या पायरीवर बसली होती, डोळे कोरडे. तिच्या हातात फोन होता. मला बघून म्हणाली, "भीमअण्णा, संदेह मरणम् लिहिलांत म्हणे. संदेह कोणावर? घरांत तर मीच होतें."

मी नेहमीचं सांगितलं. "पोरी, संदेह तुझ्यावर नाही. मरणावर आहे."

"मग तसं लिहा कीं!"

मी तिच्याशेजारी पायरीवर टेकलो. मग ती हळूच म्हणाली, "हे तिरुपूरहून निघालेत. फोनवर मजला विचारलं, तूं काय केलंस? काय जाहलं असं नाही विचारलं, अण्णा. तूं काय केलंस असं विचारलं." आता तिचे डोळे भरले. माझेही भरले, खोटं कशाला सांगू? तुरुंगाची भीती तिला नव्हती. ज्याच्या बापाला तिनं इतकी वर्षं सांभाळलं, त्या माणसानं हा प्रश्न केला होता आणि बस पकडून तो घराकडे येत होता.

पंच जमवायला घेतले. माझा कॉन्स्टेबल सवयीनं म्हणाला, "अय्या, चार मिळाले. पाचवे वेणोबारावांना बोलाव..." आणि त्यानं जीभ चावली. कुणी हसलं नाही. शेवटी सेल्वम आपली सोड्याची गाडी रस्त्यावर तशीच सोडून आत आला. पोलिसांच्या कागदाला हात लावणार नाही अशी शपथ घेतलेला माणूस तो. म्हणाला, "त्यांचा शेवटचा सोडा माझ्याकडचा. लिहा माझं नाव."

आम्ही मयत बघितलं. कपाळावरची जखम सोडली तर अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. गळ्यावर काही नाही, नखांत काही नाही. पंचांमध्ये एक निवृत्त शाळामास्तर होते. त्यांनी घसा खाकरला आणि सुरू केलं, "हे बघा, सकाळचं भांडण, मग ही धुलाई, मला वाटतं सुनेनंच..."

"मास्तर," मी म्हटलं, "कोण ते नको. कशानं ते सांगा." माझा आवाज मलाच परका वाटला, कारण तमिळमध्ये बोललो तरी वाक्य माझं नव्हतं. मास्तरांनी चमकून खाली बघितलं. समोर ज्याचं वाक्य तोच पडलेला.

मग तुळजाला बोलावलं. तेवढ्यात गोपाळही येऊन पोचला होता, दारात बॅग घेऊन उभा. कमलाक्का भिंतीला टेकून उभी. मी मराठीत विचारत होतो आणि पंचांसाठी तमिळमध्ये सांगत होतो.

"भांडण कशावरून?"

"छातींत जळतं म्हणत होते. म्हटलं, आज जाऊं नका, मेलेला कोठें पळून जात नाही. ऐकले नाहीत. मी ओरडलें."

"पडले कसे?"

"परत आले. बादलीपाशीं गेले. तांब्या पडल्याचा आवाज आला म्हणून धांवले, तर दगडावर पालथे."

"डॉक्टरला का नाही बोलावलंस?"

"मामंजींच्या घरांत राहून मजला मयत ओळखूं येत नाही काय?"

"मग पोलीस येईतो थांबायचं. तुला तर ठाऊक होतं."

तिनं आमच्या सगळ्यांकडे असं बघितलं की जणू एवढी साधी गोष्ट आम्हाला कळत कशी नाही. "अण्णा, ते मयताला शिवून आले होते. आंघोळ व्हायची होती. सारा जन्म बिनआंघोळीचे कधीं उंबरा ओलांडला नाही त्यांनीं. ते ओंवळे आले म्हणून तसेच परसांत टाकून देऊं? कीं तसेच घरांत घेऊं? दोन्ही मजच्यानें जाहलं नाही. पाणी काढलेलं होतं. घातलं. मग शेजाऱ्यांस हांक मारली."

मी हे तमिळमध्ये सांगितलं. मास्तर चष्मा पुसू लागले. पण कायदा कायदा असतो. पाणी घालून तिनं रक्त, दगड, सगळं धुऊन टाकलं होतं. तिच्या बोलण्याला पुरावा म्हणाल तर एवढाच, की सकाळी ते खरोखर मयताला शिवले होते, आणि ते मी आणि सेल्वम दोघांनी बघितलं होतं. पाचही पंचांनी मत दिलं, की पडून जखम झालेली दिसते, मरणाचं कारण डॉक्टरनं ठरवावं. मी प्रेत सरकारी दवाखान्यात पाठवलं.

नंतर डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कपाळावरची जखम वरवरची, पडताना लागलेली, तिनं कुणी मरत नाही. सगळे कागद येऊन फाइल बंद व्हायला बरेच दिवस गेले, ते जातातच. पण डॉक्टरांचं हे तोंडी बोलणं मी लगेच दवाखान्याच्या आवारात तिघांना सांगितलं. गोपाळ मान खाली घालून उभा राहिला. कमलाक्का तुळजासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही माफी मागेल किंवा आणखी भांडेल. तिनं तुळजाला एवढंच विचारलं, "पाणी कढत नव्हतं ना गं?"

"नाही अक्का. कोमट होतं. त्यांना सोसेल इतकंच."

आणि मग कमलाक्का तिच्या गळ्यात पडून अशी रडली, की दवाखान्याचा वॉचमन बाहेर येऊन बघून गेला.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हलकंफुलकं लिहायचं कबूल केलंय, तर एवढं सांगतोच. माझी नोकरी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. घाटावर एक अनोळखी म्हातारी सापडली. पंचांचा नेहमीसारखा दुष्काळ. चार मिळाले, पाचवा मिळेना, आणि कॉन्स्टेबलला बोलवायला आता कुणी नव्हतं. तेवढ्यात पायऱ्यांवरून ओळखीची काळी छत्री उतरताना दिसली. हातातलं पेन तसंच धरून मी दोन पायऱ्या वर चढलो. छत्रीखाली तुळजा होती.

"बाईमाणूस चालतें ना, अण्णा?"

म्हटलं, "कायद्यात प्रतिष्ठित रहिवासी लिहिलंय. पुरुष असं नाही."

ती म्हातारीच्या पायाशी उभी राहिली, नमस्कार केला. पंचांतला एक जण हळहळला, "पोरांनीच टाकलं असणार हिला." तुळजानं छत्री पायरीवर आपटली. पुढचं वाक्य तुम्हाला ठाऊक आहे. ते ऐकून मी नदीकडे तोंड फिरवून खोटंच खोकलो. डावं-उजवं मात्र तिनं सासऱ्यापेक्षाही जास्त घोळलं आणि इन्स्पेक्टर पुन्हा कपाळाला हात लावून बसले.

सही करून ती निघाली आणि छत्री घाटावरच विसरली. ती द्यायला मी मागोमाग गेलो. परसाच्या कुंपणापर्यंत पोचलो तर धुण्याच्या दगडापाशी गोपाळ दिसला. तिरुपूर सोडून तो गावातच एका दुकानात लागल्याचं मी ऐकलं होतं. धोतर वर खोचून तो बादलीवर वाकला होता, आणि पाण्यात हात घालून बघत होता.

"आज कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"तुम्हांला काय करायचंय? पाणी कढत असेल!"

"नाही," गोपाळ म्हणाला, "दोनदां पाहिलं. कोमट आहे. ये."

मी छत्री कुंपणाला अडकवली आणि परत फिरलो.